दिवाळी झाल्यावरचा बाजार

भाऊबीज होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच जळगावात दुकानांवरच्या पट्ट्या बदलल्या. 'दिवाळी धमाका' उतरला आणि त्याच दोऱ्यांना 'फ्लॅट ५०' टांगलं गेलं. दरवर्षीच होतं हे, पण यंदा जरा लवकर झालं आणि गर्दी आत कमी, बाहेर उभं राहून बघणारी जास्त. फुले मार्केटमधून चालताना मला सवयच लागलीये, किती लोकांच्या हातात पिशव्या आहेत आणि किती लोकांचे हात मोकळे आहेत हे बघायची. तेवढं बघितलं तरी आजूबाजूच्या खेड्यांत कापसाचं काय झालंय ते समजतं.

दादा यंदा भाऊबीजेला आलाच नाही. वेचणी चालू होती, सप्टेंबरच्या पावसानं निम्मी बोंडं आधीच काळी पडलेली, उरलेला कापूस ऊन आहे तोवर घरात आणायचा, मजूर मिळत नाहीत, म्हणून त्यानं फोनवरच सांगितलं, यंदाची ओवाळणी उधार राहू दे. तो आला तुळशीच्या लग्नानंतर. येताना पिशवीभर शेंगा, भरताची वांगी, मायनं दिलेलं कळण्याचं पीठ. मी ओवाळलं, त्यानं ताटात पाचशेची नोट टाकली आणि ती टाकताना त्याच्या अंगातल्या शर्टाची कॉलर मला दिसली, उलटी करून पुन्हा शिवलेली. मी म्हटलं चल, तुला शर्ट घेऊ, सेल लागलाय.

शर्ट चांगला होता. फिकट निळा, बारीक चौकटी, आत शिवलेल्या पट्टीवर शंभर टक्के कॉटन. टॅगवर १९९९, त्याच्यावर लाल रेघ, खाली ९९९. दादानं टॅग दोनदा वाचला आणि तिथल्या पोराला विचारलं, अगदी सरळ, भांडायला म्हणून नाही, "मंग पहिलेच हजार का नही लिखं, भाऊ?" पोरगं विशीतलं, दिवसभर उभं राहून दमलेलं, ते म्हणालं, "तसं नसतं ना भाऊ, कंपनीची एमआरपी असते ती."

त्या पोराचं काही चुकलं नाही, त्याच्या हातात काहीच नव्हतं. पण दादाचा प्रश्न मला नंतर बरेच दिवस सोडेना. कायदा बघायला गेलं तर २००९ चा वैधमापन कायदा आहे आणि त्याच्याखालचे २०११ चे नियम आहेत, त्यांचं म्हणणं एवढंच की सगळे टॅक्स धरून एक कमाल किंमत छापा आणि छापलेल्या किमतीच्या वर एक रुपयाही घेऊ नका. खाली कितीही या. आता हा शर्ट १९९९ चाच का, १४९९ चा का नाही, हे त्यात कुठंच नाही. तो आकडा बनवणाऱ्यानं ठरवायचा. म्हणजे गिऱ्हाइकाची लूट होऊ नये म्हणून जी ओळ आली तीच आता रेघ मारण्यासाठी छापली जाते. वर जितका मोठा आकडा, तितकी त्याच्यावरची रेघ लाल दिसते.

दादानं शर्ट घडी करून तळहातावर ठेवला आणि हात जरा खालीवर केला. पन्नास वर्षांतली पस्तीस वर्षं त्यानं कापूस उचललाय, त्याच्या हाताला वजन कळतं. "पाव किलो," म्हणाला.

बाहेर येऊन आम्ही चहा घेतला आणि तिथंच त्यानं हिशोब मांडला. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की त्यातून साधारण चौतीस किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते, बाकी सरकी. सूत काढताना, विणताना थोडं वाया जातं, म्हणजे पाव किलोच्या शर्टाला तीनशे ग्रॅम रुई धर. तीनशे ग्रॅम रुईला नऊशे ग्रॅमच्या आसपास कापूस लागतो. गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला सत्तर रुपये किलोसुद्धा द्यायला तयार नव्हता, ओला आहे, पिवळा आहे, कवडी आहे म्हणत होता. धर सत्तर. त्रेसष्ट रुपये. त्यातले दहा-बारा रुपये वेचणीचेच गेले, बियाणं, खत, फवारणी वेगळीच.

मी म्हटलं दादा, नुसत्या कापसाचा शर्ट नसतो ना, सूतगिरणी आहे, माग आहे, रंग आहे, शिलाई आहे, ट्रकचं भाडं, दुकानाचं भाडं, त्या पोराचा पगार, टॅक्स. तो म्हणाला, "ते सगळं मान्य शे. मी कुठं म्हणतोय मला हजार द्या. मी म्हणतोय त्यांनी दोन हजार लिहिले, मग हजार केले, मला एकदाही लिहायला मिळत नाही." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

खरंच की. आपल्याकडं कपाशी पेरणाऱ्यानं आजवर कधी कापसाच्या गाठोड्यावर किंमत लिहिलीये? हमीभाव दिल्लीत जाहीर होतो, २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलला ८११० आणि मध्यमला ७७१०, पण तो भाव आठ टक्के ओलाव्याच्या कापसाला, त्याच्या वर टक्क्याटक्क्यानं पैसे कापले जातात आणि बारा टक्क्यांच्या वर तर सरकारी खरेदी केंद्रावर घेतच नाहीत. सप्टेंबरात भिजलेल्या कापसाला बाराच्या आत आणायचं म्हणजे रोज अंगणात पसरायचा, रोज संध्याकाळी भरायचा. त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचा कर वाढवला, कापड गिरण्यांना आधार म्हणून सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरची अकरा टक्के ड्युटी १९ ऑगस्टपासून काढून टाकली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणून आणि मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. गिरणीवाल्यांची अडचण मला कळते, तिथंही माणसंच कामाला आहेत. पण या तारखा बघा, नेमका आमच्याकडं कापूस घरात येतो तेच महिने.

मला आठवतात त्या आमच्या लहानपणीच्या दिवाळ्या, तेव्हा कापूस एकाधिकार खरेदीत जायचा, महाराष्ट्रात ती योजना १९७२ पासून होती, कापूस सरकारलाच घालायचा, दुसरीकडं विकायचा नाही. केंद्रावर बैलगाड्यांची रांग, नाना, म्हणजे आमचे वडील, दोन-दोन रात्री गाडीखाली झोपायचे, मग ग्रेडर येऊन हातात कापूस घेऊन प्रत सांगायचा, आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, यायचा त्यानंतर केव्हातरी. कापूस दिवाळीच्या पुढंमागं जाणार आणि चुकारा मार्गशीर्षात येणार, म्हणजे सण आधी आणि पैसा मागून. तालुक्याच्या गावी आमचं एका कापडाच्या दुकानात खातं होतं. चांगलं साल असलं तर शेठ खात्यावर कपडे द्यायचा. मागची बाकी राहिलेली असली तर नाना दुकानाच्या पायरीपाशीच चपला सरळ करत उभे राहायचे आणि मग न चढताच परत यायचे. मी नानांबरोबर होते त्या दिवशी, आठ वर्षांची असेन.

त्या वर्षी शाळा उघडली तेव्हा सगळ्या पोरी नव्या फ्रॉकमध्ये आणि मी गणवेशात. गुरुजींनी विचारलं तर मी सांगितलं की नवीन फ्रॉक धुवायला टाकलाय. घरी येऊन मायजवळ रडले तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दिवायी गयी ते काय व्हयनं? कपडा काय शिया व्हस का?" म्हणजे, कपडा काय शिळा होतो का.

चुकारा आल्यावर आम्ही गेलो. दिवाळी होऊन महिना झालेला. शेठनं उरलेल्या ताग्यांचे कटपीस एका पेटीत काढून ठेवलेले असायचे, तिथं भाव निम्म्याला यायचा. मायनं एक मोठा तुकडा घेतला, हिरवी पानं असलेला, आणि त्यात माझा फ्रॉक, दादाचा शर्ट, धाकटीचं झबलं आणि उरलेल्यातून उशीचा अभ्रा झाला. त्या साली आम्ही तिघं एकत्र कुठं गेलो की लोक ओळखायचे, एका ताग्यातली पोरं. आज मी ज्याला सेल म्हणते तो आमच्या घरी तेव्हाही होता. फक्त आम्ही तो शोधत गेलो नव्हतो, आमच्या वाट्यालाच तेवढा आला होता.

तर विचार करता करता मला जे सापडलं ते हे. दिवाळीनंतर भाव खाली येतात कारण माल ज्याच्याकडं आहे त्याला थांबता येत नाही. ज्याला थांबता येतं त्याचा भाव. मी नोकरीवाली, मला शर्टासाठी दिवाळी संपेपर्यंत थांबता येतं म्हणून मला तो निम्म्यात मिळतो. दादाला मात्र शर्ट घेताना थांबावं लागतं आणि कापूस विकताना थांबता येत नाही. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचं कर्ज मार्चअखेर, पोराची फी, आणि कापूस घरात ठेवला तर वाळून वजन घटतंय ते वेगळंच. गरिबी म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, घ्यायला थांबायचं आणि विकायला थांबता यायचं नाही.

पण दुकानदारालाही थांबता येत नाही हे मला यंदाच नीट कळलं. तेच तालुक्याचं दुकान आता शेठचा मुलगा चालवतो, माझ्या वर्गातला. गावी जाताना मी तिथं थांबले. त्याच्या मागच्या भिंतीला शर्टांचे खोके छतापर्यंत, आणि त्यात ३८ आणि ४४ साइज, मधल्या साइज सगळ्या गेलेल्या. त्यानं चहा मागवला आणि सांगत बसला. दिवाळीचा माल सुरत, अहमदाबाद, उल्हासनगरहून भरला, पार्टीला, म्हणजे माल देणाऱ्या व्यापाऱ्याला, साठ दिवसांत पेमेंट द्यायचं असतं, नाही दिलं तर पुढचा माल नाही. आणि तुळशीचं लग्न झालं की लगेच लग्नसराई, बस्त्याचा माल आत्ताच भरायला पाहिजे. म्हणजे सहाशेला पडलेला शर्ट साडेपाचशेला गेला तर पन्नासचा तोटा, पण हातात साडेपाचशे येतात, त्यातून पार्टीचं तोंड बंद होतं आणि साड्यांचा गठ्ठा उचलता येतो. तोच शर्ट सहा महिने रॅकवर राहिला तर बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज चालूच, घडीवर धूळ, आणि पुढच्या दिवाळीला कॉलरची फॅशन बदललेली. "ताई, शेतकऱ्याचा कापूस घरात तर माझा माल रॅकवर," तो म्हणाला. त्याचं गिऱ्हाईक सगळं खेड्यावरचं. कापूस विकला गेला नाही तर दुकानात कोण चढणार.

मोठ्या शोरूमचा सेल आणि याचा सेल यात हाच फरक आहे. तिथं निम्म्याची रेघ आधीच धरून आकडा छापलेला असू शकतो, इथं जे कमी होतं ते त्याच्या खिशातून होतं. आणि गिऱ्हाईक मात्र शोरूमचा कागद दाखवून त्याला म्हणतं, तिकडं पन्नास टक्के आहे, तुम्ही दहाच कसे देता.

आमच्याकडं बस्ता फाडायला जातात तेव्हा भाव कसा व्हायचा ते ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. दोन्हीकडची माणसं, म्हातारी आत्या, मामा, गादीवर मांड्या ठोकून बसलेले, चहा दोनदा, साड्यांचा ढीग, आणि शेवटी एकच मोठा आकडा. मग मामा म्हणणार एवढे नाही, शेठ म्हणणार मामा तुमच्या बहिणीचा बस्ता पण माझ्याच बापानं फाडला होता, आणि कुठंतरी मध्ये जमणार. त्यात फसवणूक नव्हती असं मी म्हणत नाही. भोळ्या माणसाला जास्त लागायचं, बोलता न येणाऱ्या बाईला तर हमखास लागायचं, आणि त्या अर्थी एक किंमत लिहिलेली पाटी बरी, कुणालाही तीच. पण त्या गादीवर पहिला आकडा शेठनं बोलला तरी दुसरा आपल्याला बोलता यायचा. टॅगला दुसरा आकडा बोलता येत नाही, दुसरा आकडाही त्यांनीच लिहिलेला असतो.

पहिल्या आकड्याची ताकद काय असते यावर अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग आहे, १९७४ च्या त्यांच्या लेखात आलेला. शंभरपर्यंत आकडे असलेलं चक्र फिरवायचे, ते मुद्दाम असं केलेलं की काही लोकांसमोर १० वर थांबायचं आणि काहींसमोर ६५ वर. मग विचारायचे की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के असतील. चक्राचा आणि त्या प्रश्नाचा काही संबंध नाही. तरी १० बघितलेल्यांचा मधला अंदाज २५ आला आणि ६५ बघितलेल्यांचा ४५. मी ते वाचलं आणि माझं कपाट उघडून बसले. देण्याघेण्याच्या म्हणून सेलमध्ये घेतलेल्या साड्या, चौदा निघाल्या, सगळ्या सुरतच्या, सगळ्या पॉलिस्टर. कितीला घेतल्या ते एकीचंही आठवेना. किती कमी झाले होते ते मात्र जवळजवळ प्रत्येकीचं आठवत होतं. कापूस पिकवणाऱ्या घरातली मी, आणि आहेर म्हणून देते त्यात कापसाचा एक धागा नाही, कारण सुती घ्यायला गेलं तर परवडत नाही. एके काळी अमळनेरला आणि धुळ्याला प्रताप मिल होती, इथला कापूस इथंच कापड व्हायचा, आता गाठी बाहेर जातात आणि सुरतेहून तापीच्या काठाकाठानं येणाऱ्या गाडीनं साड्यांचे गठ्ठे येतात.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतलीये. टॅगवरचा वरचा आकडा अंगठ्यानं झाकायचा. खाली ९९९ आहे ना, मग जवळजवळ हजारच जाणार, आणि हा कपडा मी हजाराला घेतला असता का एवढंच विचारायचं. 'पन्नास अधिक वीस टक्के' लिहिलं की सत्तर टक्के कमी वाटतं, पण शंभराचे पन्नास आणि पन्नासाचे वीस टक्के दहा, म्हणजे चाळीस राहिले, साठच टक्के कमी झाले. दोनवर एक फ्री म्हणजे तेहतीस टक्के, आणि तेही तीन पाहिजे असतील तर. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर पाच टक्के जीएसटी झाला, आधी हजाराच्या वर बारा होता, त्यामुळं काही भाव खरंच उतरले, पण ते उतरणं आणि सेलचं उतरणं एकाच पाटीवर लिहिलेलं दिसलं आणि कुठलं कुणामुळं ते वेगळं करता येईना.

दादाचा शर्ट मी घेतला. तो नको म्हणत होता, तरी घेतला, वरचा आकडा झाकून बघितला आणि त्याच्यासाठी हजार रुपये मला जास्त वाटले नाहीत.

डिसेंबरात गावी गेले तर पुढची खोली कापसानं खिडकीच्या वरपर्यंत भरलेली. पोरं स्वयंपाकघरात झोपतात, दादाच्या धाकट्या पोरीच्या हातापायांना खाजवून खाजवून पुरळ आलंय, माय दारात बसून उंदीर हाकलते. निळा शर्ट त्याच खोलीत खुंटीला होता, दादा म्हणाला लग्नाकार्याला घालू. दुपारी खेडा खरेदीवाला आला, छोटा टेम्पो, सोबत काटा. त्यानं खोलीत हात घालून खालून मूठभर कापूस काढला, चोळला, दाताखाली सरकी चावून बघितली आणि मागच्या आठवड्यापेक्षा क्विंटलमागं दीडशेनं जास्त भाव सांगितला. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. ३१ डिसेंबरला ड्युटीची सवलत संपणार हे त्याला पाठ झालं होतं, सोसायटीचा मार्च पण पाठ होता, आणि आतून पोरीचं खाजवणं ऐकू येत होतं.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

माय म्हणाली, तिसऱ्यांदा परत गेला टेम्पो.